सल्ल्यापुरता कॅप्टन

प्रमोद गजभिये अमेरिकेतल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर होते आणि मी त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत. नेपरव्हिलच्या पश्चिमेला, जिथे वस्ती विरळ होत मक्याची शेतं सुरू होतात, तिथली जुनी घरं अजून स्वतःच्या विहिरीचं पाणी पितात. त्या पाण्याच्या बाटल्या ते आणून द्यायचे, त्यात जंतू निघतात का ते मी बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं, मी इंग्रजीत काहीतरी बोलले ते ऐकलं आणि मराठीत विचारलं, "पुण्याची का?" मी हो म्हटलं. "बोलण्यात वाटूनच राहिलं होतं," म्हणाले आणि बाटल्यांची पेटी टेबलावर ठेवून निघून गेले. दोन-तीन महिन्यांत ते माझे प्रमोददादा झाले.

उंच, किंचित पुढे झुकलेले, आवाज बारीक. माणूस नागपूरचा, पण नागपूरकराचा मोठा आवाज यांना कसा मिळाला नाही याचं मला नवल वाटायचं. कुठलंही पाणी पिण्याआधी ग्लास नाकाशी धरायचे. लग्नात, ऑफिसात, माझ्या घरीसुद्धा. सुरुवातीला माझ्या नवऱ्याला त्याचा राग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे तर दादा येणार म्हटलं की तोच आधी ग्लास हुंगून बघायला लागला. दादांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी अन्नात खुपसायचा थर्मामीटर असे. हॉटेलात गेलं की ते स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसायचे आणि जेवताना एकदम गप्प व्हायचे. तेव्हा समजायचं, आत कोणीतरी हात न धुता कोशिंबीर कापतंय.

एप्रिलमध्ये आमच्याकडे जयंतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये व्हायचा. एका वर्षी केटररने पुलाव सकाळीच आणून ठेवला आणि भाषणं लांबली. दादांनी झाकण उघडून थर्मामीटर लावला. मग ते आयोजकांकडे गेले. आयोजक म्हणजे तिथले सर्वांत जुने डॉक्टरकाका, निवृत्त सर्जन. दादांनी त्यांना एवढंच सांगितलं की हा भात लोकांना देऊ नये. काका म्हणाले, माणसं भुकेली आहेत, लहान मुलं आहेत. दादा म्हणाले, "माझं काम सांगणं, काका. ठरवायचं तुम्ही." काकांनी पुलाव मागे नेऊन टाकून द्यायला सांगितला. त्या दिवशी सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला आणि त्याबद्दल पुढची दोन वर्षं बोलून दाखवलं. दादांना मी म्हटलं, निदान कोणी आजारी तरी पडलं नाही. ते हसले. "तेच तर. कोणी आजारी पडलं नाही, म्हणून मी खरा होतो की खोटा हे कोणालेच समजणार नाही. आपल्या धंद्याचं हेच आहे, वर्षा. काम नीट झालं की काहीच होत नाही."

सैन्यात जायचं त्यांच्या डोक्यात कधीपासून होतं ते मला माहीत नाही. अमेरिकन नागरिकत्व मिळालं त्याच वर्षी एका परिषदेत त्यांना एक लष्करी डॉक्टरीणबाई भेटल्या. सैन्याला त्यांच्यासारखीच माणसं लागतात, हे त्यांच्याकडून दादांना कळलं. हजार माणसं माळावर तंबू ठोकून राहतात तेव्हा पाणी कुठलं प्यायचं, संडास किती लांब खणायचे, स्वयंपाकघरात माश्या का झाल्या, ऊन किती आहे आणि त्यात किती चालायचं, हे बघणारा अधिकारी. पर्यावरण-आरोग्य अधिकारी. पदवी होती, अनुभव होता, वय चाळिशीला टेकलं होतं पण अजून चालत होतं. प्रश्न एकच उरला, पूर्णवेळ की राखीव. ॲक्टिव्ह की रिझर्व्ह.

हा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कित्येक आठवडे पडून होता. मी रविवारी त्यांच्याकडे जायचे, सुजाताशी माझी चांगली गट्टी जमली होती. सुजाता त्यांची बायको, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. दादा चहा घेता घेता तेच तेच परत मांडायचे. पूर्णवेळ गेलं तर काउंटीची नोकरी सोडायची, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, आज टेक्सास तर उद्या जर्मनी. पण काम रोजचं, माणसं ओळखीची, हात तयार होणार. राखीव गेलं तर महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे, बाकी सगळं जिथल्या तिथे. बोलावणं आलं तर मात्र जावं लागणार. मला पटकन कळेना म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं, "ॲक्टिव्ह म्हणजे घरजावई होणं. रिझर्व्ह म्हणजे सणावाराला सासरी जाऊन येणं."

सुजाता हसली नाही. त्यांची मुलगी मैत्रेयी तेव्हा सहावीत होती, शाळा नुकतीच बदललेली. सुजाताने शांतपणे सांगितलं की तिला तिचं काम सोडायचं नाही आणि मुलीला पुन्हा नवी शाळा नको. "जायचं असेल तर रिझर्व्हमध्ये जा. तेवढं मी निभावून नेईन." दादांनी कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग ठीक आहे म्हणाले. त्यांना पूर्णवेळ हवं होतं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

नागपूरला वडिलांना फोन केला तेव्हा मी तिथेच होते. स्पीकरवर म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. त्यांना ॲक्टिव्ह-रिझर्व्ह काही कळलं नाही. काम काय करणार एवढंच त्यांनी विचारलं. फौजेचं पाणी तपासणार, दादा म्हणाले. मग वडील म्हणाले, "तुह्या आज्याच्या ओंजळीत गावचे लोक वरून पाणी ओतत होते. भांड्याले हात लावू देत नव्हते. आता तू सांगशील, हे पाणी प्या, हे नका पिऊ." त्यानंतर त्यांनी तिथल्या हवेची चौकशी केली आणि फोन ठेवला. दादा उठून बाहेर गेले. बर्फ पडत होता. ते अंगात कोट न घालताच अंगणात उभे राहिले.

शपथ घेतली, टेक्सासला जाऊन प्रशिक्षण घेतलं, लेफ्टनंट झाले. बरोबरीचे बाकी लेफ्टनंट त्यांच्या पुतण्यांच्या वयाचे. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत लोक विचारायचे, बंदूक चालवता का, युद्धावर पाठवणार का. दादा सगळ्यांना तेच सांगायचे, मी संडास बघतो. त्यावर काकू मंडळी लगेच विषय बदलायच्या.

पण ते खूश होते. महिन्यातला तो शनिवार-रविवार आला की शुक्रवारपासूनच त्यांची चाल बदलायची. एका उन्हाळ्यातल्या शिबिरात बर्फाच्या मशीनमध्ये घाण निघाली. भर उकाड्यात त्यांनी सगळ्या छावणीचा बर्फ बंद करायला सांगितला. तिथली प्रमुख, एक कर्नलबाई, काही न विचारता हो म्हणाली. सैनिकांनी दादांना दोन आठवडे शिव्या घातल्या. परत आल्यावर त्यांनी ते मला इतक्या आनंदाने सांगितलं की मी म्हटलं, दादा, शिव्या खाऊन एवढं खूश होणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. "तिनं ऐकलं ना," ते म्हणाले. "एका वाक्यात ऐकलं."

काही वर्षांनी ते कॅप्टन झाले. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची तुकडी दक्षिणेकडच्या एका तळावर दोन आठवडे गेली. तिथे पूर्णवेळ सैनिकांची एक बटालियन सराव करत होती आणि तिच्यासोबत यांना काम करायचं होतं.

तिथे काय झालं ते मला दादांनीच सांगितलं, परत आल्यावर पंधराएक दिवसांनी, प्रयोगशाळेत, रिकाम्या बाटल्यांच्या पेटीवर हात ठेवून. मध्ये मध्ये ते थांबत होते.

त्या तळावर उन्हासाठी झेंडे लावतात. नुसतं तापमान नाही, हवेतला दमटपणा, उन्हाचा ताप, वारा असं सगळं मोजून आकडा काढतात, आणि आकड्याप्रमाणे झेंड्याचा रंग. काळा झेंडा लागला की अगदी गरजेचं नसेल ते सगळं थांबवायचं. त्या दिवशी पाठीवर ओझं घेऊन लांब चालायचा सराव होता. सकाळीच दादांनी मोजलं आणि त्यांच्या लक्षात आलं की दहा वाजायच्या आत काळा झेंडा लागणार. ते बटालियनच्या कर्नलकडे गेले. सराव उद्या पहाटे घ्या, म्हणाले. कर्नलने नीट ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता, हे दादांनी मला दोनदा सांगितलं. त्याची बटालियन पुढच्या महिन्यात परदेशी जाणार होती आणि त्याच्याकडे दिवस उरले नव्हते.

"कॅप्टन," तो म्हणाला, "तुम्ही दोन आठवड्यांसाठी आला आहात. माझी मुलं इथेच राहतात. या उन्हाची त्यांना सवय आहे."

दादांनी मग दुसरी गोष्ट मागितली. जे सैनिक नुकतेच इथे आलेत, ज्यांचं अंग अजून या उन्हाला सरावलेलं नाही, त्यांना तरी वगळा. कर्नलने मान डोलावली आणि हाताखालच्या लोकांना सांगतो म्हणाला. तो निरोप निघाला की नाही, वाटेत कुठे राहिला, हे पुढे चौकशीतही कळलं नाही.

निरोपावर दादांचा भरवसा नव्हता, म्हणून ते स्वतः पाण्याच्या टाकीजवळ गेले. सैनिक बाटल्या भरत होते. दादांनी आपल्या त्या बारीक आवाजात विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत इथे कोण कोण आलंय, हात वर करा. तीन-चार हात वर झाले. त्यांना बाजूला घेतलं. रांगेच्या टोकाला लाल केसांच्या एका पोराचा हात अर्धवट वर गेला, शेजारचे दोघे हसले, आणि तो हात डोक्यावरून तसाच केसांत फिरवून त्याने खाली घेतला. तोही हसला.

"मी पाहिलं होतं," दादा मला म्हणाले. "मला वाटलं, केसच सारखे करून राहिला."

पोराचं नाव डॅनी. वय एकोणीस. आयोवातल्या एका लहान गावाहून आठवड्यापूर्वीच तिथे आला होता. चालता चालता तो असंबद्ध बोलायला लागला, मग पडला. दादा मागच्या गाडीत होते. त्यांनी आणि वैद्यकीय पथकाने त्याला बर्फाच्या चादरींत गुंडाळलं, सगळं जसं करायचं तसं केलं. हेलिकॉप्टर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात तो वारला.

चौकशी झाली. दादांना विचारलं, तुम्ही सल्ला दिला होता का. दिला होता. कर्नलने तो ऐकला होता का. ऐकला होता. सराव थांबवायचा अधिकार तुम्हाला होता का. नव्हता. एवढंच. नंतर दादा बाहेर पायरीवर बसले असताना कर्नल आला. त्यांच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने उठून गेला. दादांना त्याचा राग करता आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना तेही जमलं नाही.

"सणावाराला आलेल्या जावयाला पाट मांडतात, ताट वाढतात," ते म्हणाले. "पण घरातल्या गोष्टीत त्याचं कोणी ऐकत नाही. मी तिथं रोज असतो, तर त्यानं ऐकलं असतं का? तू सांग."

मी त्यांच्या हाताखालची पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

अंत्यविधीला जायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरी ते गेले होते, गाडी चालवत, एकटेच. ते सगळं सुजाताकडून मला कळलं, कारण तिला त्यांनी ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा त्याबद्दल तोंड उघडलं नाही. चर्चमधून लोक त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने दादांचा गणवेश पाहिला आणि विचारलं, तुम्ही त्याचे अधिकारी का. दादा म्हणाले, नाही, मी ऊन मोजणारा. तिने विचारलं, किती होतं. दादांनी आकडा सांगितला. तिला त्या आकड्याचा अर्थ कळला नसावा, पण तिने तो पुटपुटून पाहिला. मग तिने विचारलं, शेवटी तुम्ही त्याला पाहिलं तेव्हा तो कसा होता.

त्या अर्धवट वर गेलेल्या हाताचं सांगायलाच दादा तिथवर गेले होते. सगळ्या वाटेने त्यांनी त्याची वाक्यं जुळवली होती.

"हसत होता," ते म्हणाले.

आईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांना बसवून त्यांच्यापुढे ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कसलंसं कॅसरोल ठेवलं. दादांनी ते सगळं खाल्लं. कुठून आलंय, कधी केलंय, काही न बघता.

त्या पावसाळी शरद ऋतूत त्यांनी पूर्णवेळ सैन्यात जायचा अर्ज केला. सुजाताने या वेळी विरोध केला नाही. मैत्रेयी मोठी झाली होती. सुजाताच म्हणाली, जा, आम्ही येतो मागून. पण आता वय निघून गेलं होतं. गुडघाही अधू झाला होता. ज्या बाई त्यांचा अर्ज बघत होत्या त्यांनी फार आपुलकीने समजावलं की राखीवमध्ये तुम्ही उत्तम काम करताय, तिथेच राहा, आम्हाला तुमच्यासारखे लोक तिथेही हवेत. दादांनी आभार मानले.

नकार आला त्याच संध्याकाळी सुजाता मला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटली. सामान गाडीत ठेवता ठेवता ती थांबली. "वर्षा, रिझर्व्ह मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मैत्रेयीची शाळा होती गं. मला दुसरं काय सुचणार होतं?" मी म्हटलं, तू बरोबरच बोललीस. "तेच तर," ती म्हणाली. "बरोबर बोलले. त्यानेही बरोबर सांगितलं होतं त्या कर्नलला. मग असं का झालं?" तिच्या हातात दुधाचा कॅन होता. तो तिने ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दादा महिन्यातल्या त्या शनिवारी-रविवारी जात राहिले. त्यांचं काम चोख होतं, असं त्यांच्या तुकडीतल्या एकाने माझ्या नवऱ्याला सांगितलं. फक्त आता ते एकच गोष्ट तीन-तीन वेळा सांगायचे. ऐकणाऱ्याने हो म्हटलं तरी पुन्हा सांगायचे. ऑफिसातही तसंच. एका हॉटेलवाल्याने तक्रार केली की हा इन्स्पेक्टर नियम समजावून सांगतो, आपण कबूल करतो, तरी हा जागचा हलत नाही. साहेबांनी दादांना बोलावून विचारलं. दादा म्हणाले, मला खात्री करायची असते. साहेब म्हणाले, कसली खात्री.

माझ्या नवऱ्याची बदली यंदा फ्रीमाँटला झाली. निघायच्या आधीच्या जुलैमधली ही गोष्ट. मुलींच्या सॉकरची स्पर्धा होती, माझी मुलगी आणि मैत्रेयी एकाच टीममध्ये. ऊन असं की गवताचा वास येत होता. आम्ही सगळे आईबाप कडेच्या तंबूखाली खुर्च्या टाकून, पंखे हातात घेऊन बसलो होतो. दादा मैदानाच्या रेषेवर उभे होते. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला तेव्हा ते कोचकडे गेले, काहीतरी बोलले. कोचने मान हलवली आणि रेफ्रीकडे बोट दाखवलं. खेळ थांबला तेव्हा दादा रेफ्रीकडे गेले. कॉलेजातला मुलगा होता तो. त्याने घड्याळ दाखवलं, पाण्यासाठी एकदा थांबलो होतो, नियमाप्रमाणे आणखी एकदा थांबू, असं काहीतरी त्याने अदबीने सांगितलं. दादा ते ऐकून परत रेषेवर आले.

मी छत्री घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, दादा, सावलीत या, सुजाताने जागा धरलीय.

"राहू दे," ते म्हणाले. नजर मैदानावरच. "सावलीत बसून पोरींले ऊन किती लागून राहिलं ते समजत नाही."

त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ हलत होते, ते पोरी मोजत होते. मैत्रेयी चेंडू घेऊन आमच्या समोरून गेली, चेहरा लालबुंद, आणि जाता जाता तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, आय ॲम फाइन," ती ओरडली. "प्लीज, जस्ट सिट डाउन."

दादांनी मान डोलावली. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली तर ते एक पाऊल बाजूला झाले, पुन्हा उन्हात. मी तिथे थोडा वेळ थांबले आणि तंबूत परत आले. सामना संपेपर्यंत ते तसेच उभे होते. शिट्टी झाली, मुली धावत पाण्याकडे गेल्या, आईबापांनी खुर्च्या मिटल्या. मैदानावर कोणी उरलं नव्हतं, तरी दादांची मोजणी चालूच होती.